कृष्णाकाठानं निवांत पळायचं असेल तर

रोडवर नियमित पळणाऱ्यांना नदीकाठच्या वाटेनं पळून बघा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती किलोमीटर आणि काय पेसनं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. म्हणून आधीच सांगतो, या पळण्यात दोन्ही आकडे सगळ्यात शेवटी येतात. वाट कशी आहे, नदीला पाणी किती आहे, शेतात काय चाललंय, उजेड किती आहे, हे आधी बघायचं आणि त्यावरून आपलं पळणं ठरवायचं, असं केलं तर हा रन शरीराला पण मानवतो आणि डोक्याला पण. मी लिहितोय ते सांगलीची कृष्णा डोळ्यांसमोर ठेवून, घाटापासून खाली हरिपूरच्या संगमापर्यंत, कारण मला हीच वाट नीट माहितीये, पण कराड, वाई, मिरज, नरसोबावाडी, कुठंही कृष्णाकाठाला राहत असाल तर यातलं बहुतेक सगळं तसंच्या तसं लागू पडेल.

आधी वाट कशी आहे ते बघू. आयर्विन पुलाजवळ घाटावरनं सुरुवात करायची आणि प्रवाहाच्या दिशेनं खाली जायचं, म्हणजे जाताना नदी उजव्या हाताला राहते आणि येताना डाव्या. हरिपूर साधारण चारेक किलोमीटर, तिथं पलीकडनं वारणा येऊन कृष्णेला मिळते, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. परदेशातल्या फोटोत असते तशी आखून दिलेली, बोर्ड लावलेली ट्रेल इथं नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या. काही भाग घाटाच्या पायऱ्यांचा, काही भाग चिंचेच्या जुन्या झाडांच्या हरिपूर रस्त्याचा, आणि मधेमधे काठालगतच्या मळीत उतरणाऱ्या पाणंदी, म्हणजे बैलगाडी नि ट्रॅक्टरच्या वाटा, ज्यातली एखादी थेट नदीपर्यंत जाते आणि एखादी कुणाच्या तरी मोटरीपाशी जाऊन संपते. कुठली वाट चालू आहे हे दरवर्षी बदलतं, पुरात एखादी खचते, कुणी ऊस लावताना बांध जरा पुढं घेतं. त्यामुळं मॅपवर रेघ दिसतीये म्हणून वाट असेलच असं धरून चालू नका, पहिल्यांदा चालत जाऊन या. खरंच, पहिली फेरी चालतच करा, पळायचे शूज घालून पण चालत, आणि कुठं वळायचं, कुठं परत फिरायचं ते बघून ठेवा.

आणि विचारा. शेतात माणूस दिसला की थांबून रामराम घाला आणि विचारा, "मामा, पुढं वाट हाय का?" उत्तर मिळतं, "हाय की, पर वड्यापाशी चिखुल हाय, वरनं जावा." एवढ्या एका वाक्यात जे कळतं ते कुठल्या ॲपमध्ये मिळणार नाही. शिवाय ती जमीन त्यांची आहे. मळीतली जमीन म्हणजे पुराच्या गाळानं भरलेली, जिल्ह्यातली सगळ्यात कसदार जमीन, तिच्या बांधावरनं पळायचं तर विचारून पळावं, आणि लावणी झाली असेल, नुकतं पाणी दिलं असेल तर बांधावर पाऊलच टाकू नये, कारण ओला बांध पायानं ढासळतो आणि मग पाणी भलतीकडं जातं. त्यात गट घेऊन पळत असाल तर दहाजणांच्या पायानं बांधाचं काय होतं ते आपण करून बघण्याची गरज नाही, अशा वेळी सरळ पाणंदीनं किंवा रस्त्यानं जा. दोन-तीन वेळा रामराम झाला की लोक ओळखायला लागतात, आणि ओळखीच्या वाटेवर पळण्यासारखी दुसरी सुरक्षितता नाही.

आता हंगाम. जून ते सप्टेंबर हा विषय बंद, इथं मी अजिबात सूट देत नाही. सांगलीत पाऊस बेताचा असला तरी नदी वरच्या पावसावर वाढते, महाबळेश्वर, कोयना खोरं तिकडं कोसळला की कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते सगळं पाणी इकडं येतं, वर वारणेचा फुगवटा. म्हणजे आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असताना सुद्धा नदी चढत असते. आयर्विन पूल 1929 सालचा, आणि अख्ख्या शहराचं लक्ष पावसाळ्यात त्या पुलापाशी असलेल्या पाणीपातळीवर असतं, 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, त्याआधी 2005 आणि नंतर 2021, हे तीन पूर इथल्या कुठल्याही माणसाला विचारा, घरात कुठवर पाणी आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पळणाऱ्यासाठी यातनं एकच गोष्ट घ्यायची, पातळी इशाऱ्यापेक्षा कितीही खाली असली तरी धरणातनं विसर्ग चालू असेल, पाणी रोज चढत असेल तर काठाची वाट सोडून द्यायची, शहरातल्या आमराई बागेत पळा नाहीतर रस्त्यावर पळा. कारण मळीतली वाट नदीच्या पातळीपासून फार उंच नसते, आणि ओढे मागनं भरतात, म्हणजे पुढं वाट कोरडी दिसतीये आणि परत येताना मधला ओढा तुंबलेला, असं होतं.

पाणी ओसरलं म्हणजे लगेच वाट तयार झाली असंही नाही. पुराचा गाळ वरनं वाळून कडक पापडी धरतो आणि खाली तसाच मऊ असतो, त्यावर पाय दिला की घोट्यापर्यंत आत. काठाची माती पण आतनं पोखरलेली असते, वरनं धड दिसते आणि माणसाच्या वजनानं सुटते. दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. गाळाला भेगा पडल्या, त्यावर गवत आलं, बैलगाड्या जायला लागल्या की समजायचं वाट बसली. बैलगाडी जाते तिथं आपण पण जाऊ शकतो, हा माझा सगळ्यात आवडता नियम आहे आणि त्यानं मला कधी दगा दिलेला नाही.

नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत हा खरा सीझन, हवा गार, वाट कोरडी, नदीवर सकाळी धुकं. मार्चपासून ऊन तापतं, एप्रिल-मे मध्ये सांगलीचा पारा 40 च्या आसपास जातो तेव्हा सूर्य उगवायच्या सुमाराला निघून तासाभरात घरी, त्यापलीकडं ओढू नका.

वेळेबद्दल एक गोष्ट रोडवाल्यांना पटत नाही. रोडवर पळणारी माणसं पाच वाजता अंधारात निघतात, हेडलॅम्प लावून. नदीकाठी ते करू नका. जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला होतो, तर नीट उजेड पडल्यावरच वाटेला लागा, पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे आणि काठाला काय आहे ते पण दिसलं पाहिजे, त्यावर पुढं लिहितोय. आणि ऊसतोडीचा हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, नेमका आपलाच सीझन, तेव्हा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून पाणंदीत असतात. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, टेप मोठ्यानं लावलेला असतो, ट्रॉलीबाहेर ऊस आलेला असतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की पळणं थांबवून शेताच्या बाजूला पूर्ण बाहेर उभं राहायचं, त्याच्या आणि बांधाच्या मधल्या फटीतनं पळत काढायचा प्रयत्न करायचा नाही. यासाठीच दोन्ही कानांत इअरफोन घालू नका म्हणतो. संध्याकाळी जायचं असेल तर मावळतीच्या आधी रस्त्यावर परत आलेलं असलं पाहिजे एवढा हिशेब धरून निघा. कुठं पाचट पेटवलेलं असेल तर त्या दिवशी तो भाग सोडा, त्या धुरात पळून फुफ्फुसाला काही फायदा नाही.

आता पेस. निवांत पळणं ही शिकायची गोष्ट आहे, आपोआप येत नाही, आणि जे वेगानं पळतात त्यांना तर जास्तच अवघड जाते. घड्याळावर मिनिट-सेकंद दिसत असले की पाय आपोआप वाढतात. तर एकतर घड्याळाची स्क्रीन बदलून नुसती वेळ ठेवा, नाहीतर स्ट्राव्हा, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणारं ॲप, चालू करून फोन पाऊचमध्ये टाका आणि घरी येईपर्यंत बघू नका. पेस ओळखायचा तो बोलण्यावरनं. सोबत कुणी असेल तर अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत, मधे दम न घेता, काल घरी काय झालं ते सांगता आलं पाहिजे. एकटे असाल तर एखादा अभंग किंवा आरतीचं कडवं मोठ्यानं म्हणून बघा, दर दोन शब्दांनी श्वास तुटत असेल तर तुम्ही फास्ट आहात. तोंड मिटून नाकानं श्वास घेत पळता येतंय का हे पण एक चांगलं माप आहे. ज्यांना हार्ट रेट बघायचाच आहे त्यांनी कमाल हार्ट रेटच्या साधारण 65 ते 75 टक्क्यात राहावं, पण मनगटावरचा सेन्सर थंडीत कधीकधी भलतंच दाखवतो त्यामुळं मला श्वासाचं माप जास्त भरवशाचं वाटतं.

आकड्यात सांगायचं तर तुमच्या दहा किलोमीटरच्या रेस पेसपेक्षा किलोमीटरला दीड-दोन मिनिटं हळू, आणि मातीची वाट म्हणून अजून थोडं हळू. म्हणजे सहाच्या पेसनं दहा पळणारा इथं आठच्या आसपास असणार, आणि ते बरोबरच आहे. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, हळू पळण्यातच दमाचा पाया तयार होतो, पायांतल्या केशवाहिन्या वाढतात, शरीर चरबी वापरायला शिकतं, स्नायूबंधांना ताण न पडता सवय होते. चालायचं असेल तर चाला. नवीन माणसानं तर चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं ठरवूनच जावं, दम लागल्यावर चालायचं असं ठेवलं की चालणं म्हणजे हार वाटते, आधीच ठरवलं की ते प्लॅनचा भाग होतं आणि शेवटपर्यंत ताजेपणा राहतो.

अंतर पण किलोमीटरमध्ये न धरता वेळेत धरा. समजा हातात तास आहे, तर पंचवीस मिनिटं पुढं जायचं आणि जिथं असाल तिथनं माघारी फिरायचं, हरिपूर दोन वळणांवर आलंय म्हणून ओढत न्यायचं नाही. राहिलेली दहा मिनिटं थांबण्यासाठी आहेत. हो, थांबायचं, ही टाइमपास नाही, या रनचा तो भागच आहे. हिवाळ्यात काठाला धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असतात, मोटरीच्या वायरवर खंड्या बसलेला असतो, पाणकावळे पंख पसरून वाळत असतात, टिटवी तुम्हाला बघून ओरडत उठते, आणि हे सगळं पळतापळता निम्मं पण दिसत नाही. टिटवी जमिनीवरच अंडी घालते बरं का, उन्हाळ्यात ती एका जागी घिरट्या घालून फारच ओरडायला लागली तर तिथनं बाजूला व्हा, पायाखाली घरटं असायची शक्यता असते.

पाय कसा टाकायचा याकडं येऊ. रोडवर नजर लांब ठेवून पळतो, इथं तीन-चार मीटर पुढच्या जमिनीवर ठेवायची आणि दर थोड्या वेळानं वर करून लांबचं बघून घ्यायचं. पावलं छोटी आणि जास्त, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, लांब टांग टाकली की मऊ मातीत पुढचा पाय सरकतो. बैलगाडीची चाकोरी असते तिथं एका चाकोरीतनंच पळा, ती दाबून टणक झालेली असते, मधल्या उंचवट्यावर गवतात काय आहे ते दिसत नाही आणि एक पाय चाकोरीत एक उंचवट्यावर असं पळालं की गुडघा-कंबर बोलायला लागते. काळ्या रानाला फेब्रुवारीनंतर भेगा पडतात, हाताचा पंजा जाईल एवढ्या रुंद, शूजचं टोक त्यात अडकतं, तेव्हा भेगाळ भागात सरळ चालत जा. दव पडलेल्या सकाळी घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात, शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर उतरूच नका, वरच्या कोरड्या पायरीवरनं जा.

नदीकाठाला अजून एक गोष्ट फक्त शेतीच्या भागात असते आणि बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मोटरीच्या केबली आणि पाइपलाइन. पाइप आडवा असेल तर थांबून ओलांडा, उडी मारून नाही, आणि केबलवर पाय द्यायचा नाही, ती कितीही जुनी नि मेलेली दिसू दे. शेतीची लाइट ठरलेल्या वेळेला येते, तुम्ही जाताना बंद असलेली मोटर येताना चालू असू शकते, जोड नुसता टेप गुंडाळून केलेला असू शकतो आणि खाली ओल असते. ओल्या जागेत केबल पडलेली दिसली की लांबनं वळसा, एवढं लहान मुलाला सांगतो तसं स्वतःला सांगून ठेवा.

शूजवर फार खर्च करायची गरज नाही. कोरड्या दिवसात साधे रोड रनिंग शूज चालतात, सोल गुळगुळीत झालेला नसला म्हणजे झालं. ट्रेल शूज घ्यायचेच असतील तर सह्याद्रीत घालतात ते खोल दातांचे घेऊ नका, तीन-चार मिलिमीटरचे दात पुरे, कारण काळी माती जरा ओली असली तरी खोल दातांमध्ये घट्ट बसते आणि शंभर पावलांत प्रत्येक पायाला किलोभर वजन लागतं. असं झालं की पाय आपटत बसू नका, एखाद्या दगडाच्या कडेला सोल घासा किंवा काडीनं काढा आणि गवताच्या कडेनं चला. त्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. काठाला बाभळी, वेड्या बाभळी भरपूर, कुंपणाला पण तोडून टाकलेल्या असतात, आणि तो काटा मऊ सोलमधनं सरळ वर येतो. बाभळीखालनं जाताना चाला, आणि घरी आल्यावर दोन्ही सोल बोटानं चाचपून बघा, अर्धा रुतलेला काटा आज टोचत नाही, पुढच्या रनला टोचतो. कपडे साधे, पण उसाच्या पाणंदीतनं जायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लांब टाइट्स घाला, उसाच्या पानाची धार लागते ती तेव्हा कळत नाही, घाम गेला की आग होते.

तासाभराच्या निवांत रनला अर्धा लिटर पाणी बस झालं, हिवाळ्यात तेवढं पण संपत नाही. उन्हाळ्यात त्यात लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी साखर. निघायच्या आधी अर्धं केळ किंवा दोन खजूर, खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी, याच्यापलीकडं जेलबिल काही लागत नाही, आपण रेस पळत नाहीये. नदीचं पाणी प्यायचं नाही, तोंडावर पण मारायचं नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत येतं हे सांगलीत शेंबड्या पोराला माहिती आहे, आणि नदीवर इतकं प्रेम असलेल्या गावात हा प्रश्न इतकी वर्षं रेंगाळलाय याचं मनापासून वाईट वाटतं.

आता मगरीबद्दल, कारण याशिवाय कृष्णाकाठाचं कुठलंही गाईड अपुरं आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात जास्त, आणि सांगली शहराजवळ पण दिसतात. माणसांवर हल्ले झालेले आहेत, ते पण बहुतेक पाण्यात उतरलेल्या किंवा अगदी पाण्याच्या कडेला वाकलेल्या माणसांवर. मगर पाण्यात नाक आणि डोळे एवढंच वर ठेवून राहते, गढूळ पाण्यात तेवढं पण दिसत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा, पाण्याच्या कडेपासून चांगले दहा-पंधरा मीटर आत राहूनच पळायचं, शूज धुवायला, हात-पाय धुवायला, सेल्फी घ्यायला कडेला उतरायचं नाही, कुत्रं सोबत असेल तर त्याला दोरीला ठेवायचं. बंधाऱ्याच्या आसपास आणि जिथं ओढा नदीला मिळतो तिथं जास्त जपून.

हिवाळ्यात ऊन चढलं की मगरी काठाला, गाळाच्या बेटावर ऊन खायला येतात, तोंड उघडं ठेवून पडलेल्या असतात, ते बघायला मिळालं तर नशीबच. पण पलीकडच्या काठाची बघा, आपल्या काठाची बघायला जवळ जाऊ नका. ती दगड मारून उठवायची गोष्ट नाही, कायद्यानं तर ती 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेच, पण त्याआधी नदी तिची पण आहे. फेब्रुवारीपासून मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला दोन महिन्यांच्या वर लागतात, आणि तोपर्यंत ती त्या जागेच्या आसपास असते. म्हणजे उन्हाळ्यात ताजी उकरलेली माती, ओढत गेल्यासारखा पट्टा किंवा पावलांचे ठसे काठाला दिसले की तो तुकडा पूर्ण सोडायचा आणि शेतकऱ्यांना पण सांगायचं, त्यांची बाया-माणसं तिथं धुणं धुवायला, जनावरं पाजायला येतात. मगर भलत्या जागी, वस्तीजवळ, विहिरीत वगैरे दिसली तर वनविभागाची हेल्पलाइन 1926.

मगरीची भीती वाटते आणि सापाकडं दुर्लक्ष होतं, खरं तर उसाच्या पट्ट्यात घोणस भेटायची शक्यता जास्त. उपाय परत तोच, उजेडात पळा, गवतात-पाचटात पाय घालू नका, बांधावर बसायच्या आधी बघा. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलवायचा नाही, 108 ला फोन करून थेट सांगली किंवा मिरजेच्या सरकारी दवाखान्यात. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, डोळ्यात डोळे घालू नका, मालकाला हाक मारा, "काका, कुत्रं धरा जरा," बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. चावलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी इंजेक्शन.

एकट्यानं जायचं असेल तर घरी सांगून जा, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. मुली-बायकांनी पळू नये असलं काही मी म्हणणार नाही, सकाळच्या उजेडात दोघी-तिघींनी जावं आणि वाट शेतात माणसं असतात ती निवडावी, हेच मी पुरुषांना पण सांगतो. मोबाइलला मळीत कधी रेंज जाते, तेव्हा परत यायची वेळ घरी सांगितलेली असणं जास्त कामाचं.

घाटावरचं वागणं हा एक वेगळा मुद्दा. सकाळी घाटावर पोहणारी मंडळी असतात, पूजा चालू असते आणि बरेचदा कुणाचा दहावा चालू असतो, घरची माणसं डोकं भादरून, पिंड ठेवून, कावळ्याची वाट बघत बसलेली असतात. तिथनं धडाधड पळत, गाणी वाजवत जायचं नाही. चालत जा, बाजूनं जा, आणि पिंडापाशी जाऊ नका, तुमच्या हालचालीनं कावळा उडाला तर त्या लोकांवर काय बीततं ते ज्यांनी ते बघितलंय त्यांनाच कळेल. वसंतदादांच्या स्मारकाच्या बाजूला मोकळी जागा आहे, वॉर्म-अप तिथं करा, पाच मिनिटं जोरात चालणं, घोटे फिरवणं, मांड्या वर घेत वीसेक पावलं, बस.

हरिपुरात पोचलात की संगमावर दहा मिनिटं बसा. पाणी कमी असलं की दोन नद्यांच्या पाण्याचा रंग थोडा वेगळा दिसतो, वारणा एका अंगानं आणि कृष्णा एका अंगानं. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं, जमिनीखाली खोल खड्डे करून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायची, किडा-मुंगी लागायची नाही अशी इथली माती. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाणी शिरून गेली, खचली. म्हणून त्या बाजूच्या मोकळ्या रानात शॉर्टकट मारत शिरू नका, रस्ता धरा. श्रावणी सोमवारी इथं यात्रा असते आणि रस्ता माणसांनी भरतो, तसाही तो पावसाळा, तेव्हा पळायचं सोडून दर्शनाला चालत जा.

सांगलीबाहेरच्यांसाठी थोडक्यात. वाईहून मेणवलीच्या घाटापर्यंत तीनेक किलोमीटर, वाट छान आणि नाना फडणवीसांच्या वाड्याखालचा घाट बघण्यासारखा. कराडला प्रीतिसंगमाची बाग आहे तिथं नवख्यांनी सुरुवात करावी, जमीन सपाट आणि माणसांची वर्दळ. कोल्हापूरकरांना पंचगंगा आहेच, पुराचे नियम तिथंही अगदी हेच. औदुंबर-भिलवडी पट्टा दिसायला सगळ्यात सुंदर, पण मगरीमुळं तिथं काठानं पळू नका, गावांच्या रस्त्यानं पळा आणि नदी घाटावरनं बघा.

परत आल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, पोटऱ्या ताणा, मऊ जमिनीवर पळाल्यावर पोटरी आणि घोट्याच्या आतली बाजू दुसऱ्या दिवशी बोलते, पहिल्या दोन-तीन वेळेला हे होणारच. दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल तर काळजी नको, एकाच जागी टोचल्यासारखं असेल तर आठवडाभर विश्रांती. आठवड्यातनं एकदा हा रन पुरे, बाकी दिवस तुमचं रोडचं चालू राहू दे. येताना बाजारात कृष्णाकाठची वांगी दिसली तर घ्या, सीझन एकच आहे, भाकरी आणि भरीत यापेक्षा चांगलं रिकव्हरी मील मला माहिती नाही.

शूजची माती ओली असताना धुवायला घेऊ नका, काळी माती पाण्यानं अजून पसरते आणि जाळीच्या कापडात बसते. इनसोल काढून सावलीत वाळू द्या, वाळली की दोन्ही बूट एकमेकांवर आपटले की निम्मी गळते, राहिलेली जुन्या टूथब्रशनं, आणि मग लागलंच तर ओल्या फडक्यानं पुसा. उन्हात ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो.